सिंहासन, वेदी आणि श्रमिक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘युरोपातील कॅथलिक धर्मसत्ता आणि राजकारण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पोप आणि बिशप यांच्या इतिहासाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपली विचारधारा युरोपात जन्मली, आणि तेथील श्रमिकांच्या निष्ठेवर हक्क सांगण्यात तिची खरी स्पर्धा झाली ती कॅथलिक चर्चशी. १९२२ साली इटलीत, १९३३ साली जर्मनीत आणि १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये समाजवादी चळवळीचे जे पराभव झाले, त्या प्रत्येकात धर्मसत्तेचा काही ना काही वाटा होता. आणि त्याच युरोपात १९८० साली कामगारांचा जो सर्वांत मोठा उठाव झाला, तो लेनिनचे नाव दिलेल्या जहाजबांधणी कारखान्याच्या फाटकावर पोपची तसबीर लावून झाला. या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच विवेचनातून झाला पाहिजे. जो सिद्धान्त यांपैकी एकीचाच उलगडा करतो, तो अपुरा आहे.

आपल्या वर्तुळात धर्माविषयी दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले असे की, धर्म ही अफू आहे. विज्ञान आणि उद्योग वाढले की ती आपोआप उतरेल. मार्क्सने ही उपमा १८४४ साली वापरली तेव्हा त्याच परिच्छेदात त्याने पीडितांच्या वेदनेचाही उल्लेख केला होता, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. दुसरे उत्तर त्याच्या उलट टोकाचे : धर्म ही जनतेची संस्कृती आहे, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. युरोपातील इतिहास यांपैकी एकाही उत्तराला दुजोरा देत नाही. तो काय सांगतो, ते पाहू.

दोन तलवारींचा संसार

मध्ययुगाचा आढावा मी थोडक्यात घेतो. १०७५ साली पोप सातवा ग्रेगरी याने सम्राटांनाही पदच्युत करण्याचा अधिकार आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. बिशपांची नेमणूक राजाने करायची की पोपने, हा वादाचा मुद्दा होता; आणि बिशप हे मोठे जमीनदार असल्यामुळे वाद केवळ अध्यात्माचा नव्हता, तो जमिनीचा आणि महसुलाचाही होता. जानेवारी १०७७ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस क्षमायाचना करीत उभा राहिला. चित्र मोठे नाट्यमय आहे. पण पुढचा अंक कमी लोकांना ठाऊक असतो. १०८४ साली त्याच हेन्रीने रोम घेतले, आणि १०८५ साली ग्रेगरी परागंदा अवस्थेत सालेर्नो येथे मरण पावला. अखेर ११२२ मध्ये वर्म्सच्या करारात तडजोड झाली.

या झगड्यात कोणीच निर्णायक जिंकले नाही, हेच युरोपचे भाग्य ठरले. राजसत्ता आणि धर्मसत्ता एका हातात आल्या नाहीत. दोन तलवारींच्या मधल्या फटीत स्वायत्त नगरे वाढली, विद्यापीठे वाढली, आणि राजाच्या आज्ञेपलीकडेही काही न्याय असतो ही कल्पना रुजली. मात्र ज्या ज्या वेळी दोन्ही तलवारी एकत्र आल्या, त्या त्या वेळी त्यांच्याखाली सापडलेल्याची धडगत राहिली नाही. यान हुस याला जर्मनीच्या राजाचे अभयपत्र असतानाही कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने ६ जुलै १४१५ रोजी जाळण्यासाठी सोपविले. निवाडा धर्मसत्तेचा, सरण राजसत्तेचे.

१५१७ साली लूथरने बंड केले, आणि कॅथलिक चर्चची एकछत्री सत्ता मोडली. येथे एक गोष्ट आपण विशेष ध्यानी घ्यावी. १५२५ साली दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या मांडल्या : वेठबिगार कमी करा, जंगले आणि नद्या गावाला परत द्या, धर्मगुरू निवडण्याचा अधिकार गावाला द्या. मागण्यांचा आधार बायबल होता. लूथर सरदारांच्या बाजूने उभा राहिला, आणि शेतकऱ्यांची कत्तल झाली. धर्मसुधारणा म्हणजे समाजक्रांती नव्हे, हा धडा तेव्हापासूनचा आहे. १५५५ साली आउग्सबुर्ग येथे ठरले की, ज्याचे राज्य त्याचा धर्म; म्हणजे प्रजेचा देवही राजानेच ठरवायचा. त्यानंतर १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे मध्य युरोप उद्ध्वस्त होत राहिला. वेस्टफेलियाच्या तहाने युद्ध थांबविले, तेव्हा पोप दहावा इनोसंट याने तहाचा निषेध केला. आणि युरोपातील राजांनी त्या निषेधाकडे दुर्लक्ष केले. पोपच्या शब्दावर युरोपचे राजकारण चालण्याचे दिवस संपले होते.

क्रांतीनंतरचे चर्च

फ्रेंच राज्यक्रांतीने नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली, आणि पुढच्या वर्षी धर्मगुरूंना राज्याचे निवडून आलेले नोकर बनविले. परिणामी गावोगावी दोन तट पडले. पहिला निर्णय सामान्य शेतकऱ्याला मानवला असता. दुसऱ्याने त्याच्या गावचा फादर क्रांतीचा शत्रू झाला. १८०१ साली नेपोलियनने पोपशी करार केला, कारण बिशप हे पोलिसांइतकेच उपयोगी असतात हे त्याने ओळखले होते. या करारातून फ्रान्स सुटला तो ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने. राज्य कोणत्याही धर्माला मान्यता वा वेतन देणार नाही आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य अबाधित राहील, ही त्या कायद्याची दोन कलमे. झां झोरेस यांच्यासारख्या समाजवाद्यांनी तो कायदा सूडाचा न होता समजूतदारपणाचा व्हावा यासाठी खटपट केली. धर्माचा प्रश्न एकदाचा मार्गी लागावा आणि मजुरीच्या प्रश्नाला वाट मोकळी व्हावी, ही त्यांची दृष्टी होती.

एकोणिसाव्या शतकातील पोप मात्र काळाशी भांडत राहिले. १८६४ साली नवव्या पायसने ८० ‘प्रमाद’ मोजून दाखविले. त्यांत उदारमतवाद, धर्मस्वातंत्र्य आणि आधुनिक प्रगतीशी समझोता हेही प्रमादच होते. जुलै १८७० मध्ये पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धान्त जाहीर झाला, आणि अवघ्या दोन महिन्यांनी, २० सप्टेंबर रोजी, इटलीचे सैन्य रोममध्ये शिरले. राज्य गेले, अधिकाराची भाषा तेवढी उरली.

याच सुमारास बिस्मार्कने जर्मनीत कॅथलिकांविरुद्ध मोहीम उघडली. जेझुइट हद्दपार झाले, अनेक बिशप तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले, शेकडो धर्मग्राम फादरवाचून राहिले. परिणाम काय झाला? कॅथलिकांचा ‘सेंटर’ पक्ष १८७४ च्या निवडणुकीत ९१ जागांवर पोहोचला. बिस्मार्कने माघार घेतली आणि १८७८ साली तोच वरवंटा समाजवाद्यांवर फिरविण्यास काढला. त्या वेळी सेंटर पक्षाचे नेते विंडथॉर्स्ट यांनी समाजवादीविरोधी कायद्याच्या विरोधात मतदान केले. समाजवादाचे प्रेम हे त्याचे कारण नव्हते. अपवादात्मक कायद्याचा चटका त्यांनी स्वतः सोसला होता, एवढेच. छळ सोसलेल्या दोन पक्षांना एकमेकांची भाषा कळू शकते, याचा हा पुरावा आहे.

लिओचे परिपत्रक

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावा लिओ याने ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. त्याआधी माइन्झचे बिशप केटेलर यांनी कामगार-प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता. आणि १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांच्या संपात ८१ वर्षांचे कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी करून कामगारांना तासाला सहा पेन्सची मजुरी मिळवून देण्यास हातभार लावला होता. परिपत्रकाने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. समाजवाद त्याज्य आहे आणि खासगी मालमत्ता हा नैसर्गिक हक्क आहे, ही एक. कामगाराला कुटुंब पोसता येईल अशी मजुरी मिळालीच पाहिजे, केवळ करार झाला म्हणून ती न्याय्य ठरत नाही, आणि संघटना करणे हा कामगाराचा हक्क आहे, ही दुसरी.

आपल्या पूर्वसूरींनी यातील पहिली गोष्ट वाचली आणि परिपत्रक भिरकावून दिले. गिरणीमालकांनीही पहिलीच वाचली आणि ते भिंतीवर लावले. पण गावोगावच्या तरुण धर्मगुरूंनी दुसरी गोष्ट वाचली. त्यातून सहकारी पतपेढ्या, शेतमजुरांचे संघ आणि कॅथलिक कामगार संघटना उभ्या राहिल्या. या संघटना समाजवाद्यांना शह देण्यासाठी काढल्या गेल्या, हे खरे आहे. पण संघटना एकदा उभी राहिली की, तिला मालकाशी भांडावेच लागते. आणि भांडता भांडता ती स्थापकांच्या हेतूपलीकडे जाते.

इटली : हुकलेली युती

आता मी इटलीकडे वळतो, आणि येथे थोडा अधिक वेळ घेणार आहे; कारण आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत क्लेशकारक धडा येथे आहे.

१९१९ च्या जानेवारीत सिसिलीचे धर्मगुरू लुइजी स्टुर्त्सो यांनी ‘पोपोलारे’ पक्ष स्थापन केला. स्त्रियांना मताधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, जमीन-सुधारणा आणि स्थानिक स्वराज्य हा त्यांचा कार्यक्रम. आणि पक्ष चर्चच्या आज्ञेत नाही, ही त्यांची घोषणा. कॅथलिक कामगार महासंघाचे सभासद पाहता पाहता दहा लाखांवर गेले. त्यांत मुख्यतः छोटे शेतकरी, कुळे आणि शेतमजूर होते. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत ५०८ जागांपैकी समाजवाद्यांना १५६ आणि पोपोलारे पक्षाला १०० मिळाल्या. दोघांची बेरीज २५६, म्हणजे सभागृहात बहुमत. इटलीतील संघटित कामगार आणि संघटित शेतकरी एकत्र आले असते, तर त्यांच्या हाती राज्य आले असते.

ते एकत्र आले नाहीत. समाजवाद्यांच्या दृष्टीने ‘पांढरे’ संघ म्हणजे संपफोडे आणि सुताऱ्यांचे हस्तक. पोपोलारेंच्या दृष्टीने ‘लाल’ म्हणजे देवद्रोही. कुळांना जमीन मालकीने हवी होती. समाजवाद्यांची घोषणा जमिनीच्या सामाजिकीकरणाची. हा मतभेद खरा होता. पण फॅसिस्टांच्या टोळ्यांना लाल आणि पांढरा असा भेद करण्याचे कारण नव्हते. त्यांनी दोघांच्याही सहकारी संस्था जाळल्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला, तेव्हा पोपोलारे पक्षाने त्याच्या मंत्रिमंडळात आपली माणसे जाऊ दिली. जुलै १९२३ मध्ये व्हॅटिकनच्या दबावाने स्टुर्त्सोंना पक्षाचे चिटणीसपद सोडावे लागले.

त्यानंतरच्या दोन मृत्यूंची नोंद आपण शेजारी शेजारी ठेवावी. ऑगस्ट १९२३ मध्ये आर्जेन्ता गावचे धर्मगुरू जोव्हान्नी मिन्झोनी यांना फॅसिस्टांनी लाठ्यांनी मारून टाकले. शेतमजुरांच्या सहकारी संस्था आणि तरुणांची संघटना त्यांनी फॅसिस्टांच्या हाती जाऊ दिली नव्हती. १० जून १९२४ रोजी समाजवादी नेते जाकोमो मात्तेओत्ती यांना रोममध्ये भर दिवसा पळवून ठार करण्यात आले. निवडणुकीतील दहशत त्यांनी संसदेत उघड केली होती. एक फादर आणि एक समाजवादी, एकाच लाठीचे बळी. मात्तेओत्तींच्या खुनाने मुसोलिनीचे आसन डळमळले, आणि तुराती यांचे समाजवादी व पोपोलारे पक्ष यांच्यात युतीची बोलणी गंभीरपणे सुरू झाली. सप्टेंबर १९२४ मध्ये पोप अकरावा पायस याने जाहीरपणे सांगितले की, कॅथलिकांनी समाजवाद्यांशी सहकार्य करणे अमान्य आहे. बोलणी संपली. ऑक्टोबरमध्ये स्टुर्त्सो देशत्याग करून लंडनला गेले.

मोबदला मिळाला तो ११ फेब्रुवारी १९२९ रोजी. लॅटरन करारान्वये पोपला ४४ हेक्टरचे स्वतंत्र राज्य, रोख ७५ कोटी लिरा, १०० कोटी लिराचे सरकारी रोखे, कॅथलिक धर्माला राजधर्माचे स्थान आणि शाळांतून धर्मशिक्षण असे सारे प्राप्त झाले. दोनच वर्षांत मुसोलिनीने कॅथलिक तरुणांच्या संघटनांवर धाड घातली, तेव्हा त्याच पोपला निषेधाचे परिपत्रक काढावे लागले. ज्यांनी खऱ्या प्रतिकाराची साधने आधीच मोडून दिली होती, त्यांच्या हाती निषेधाचा कागद तेवढा उरला.

दोष केवळ व्हॅटिकनला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. १९१९ ते १९२२ या तीन वर्षांत पोप आडवा आला नव्हता. त्या तीन वर्षांत शेजारच्या शेतमजुराच्या गळ्यातील क्रूस पाहून आपल्या बंधूंनी त्याला शत्रू मानले. पोपने दार बंद केले ते १९२४ साली; तोपर्यंत ते उघडे असताना कोणी ओलांडले नाही.

करार आणि त्यांची किंमत

जर्मनीत २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संसदेत आला. ९४ समाजवादी प्रतिनिधींनी तेवढे विरोधी मत नोंदविले. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिले गेले नव्हते. ज्या सेंटर पक्षाने १८७८ साली अपवादात्मक कायद्याला विरोध केला होता, त्याने या वेळी हात वर केला. ५ जुलैला त्या पक्षाने स्वतःचे विसर्जन केले, आणि २० जुलैला व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करार केला. वस्तुतः हिटलरला सर्वांत कमी मते मिळत ती कॅथलिक जिल्ह्यांतच. म्हणजे श्रद्धाळू मतदार त्याच्यापासून दूर होता. पण त्या मतदाराच्या वतीने करार करणारे दूर नव्हते. पुढे १९३७ साली पोपने नाझींविरुद्ध जर्मन भाषेत परिपत्रक काढून ते चर्चाचर्चांतून वाचविले. १९४१ साली म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध प्रवचने दिली, आणि ती अधिकृत मोहीम ऑगस्टमध्ये थांबवावी लागली, जरी गुपचूप हत्या चालूच राहिल्या. प्रवचनपीठाचे सामर्थ्य यातून दिसते. ज्यूंसाठी ते सामर्थ्य वापरले गेले नाही, हेही दिसते.

स्पेनचे उदाहरण दुहेरी आहे. १९३१ च्या प्रजासत्ताकाने चर्च आणि राज्य यांची फारकत केली, घटस्फोट आणि स्त्रियांचा मताधिकार दिला. हे सर्व उचितच होते. पण धार्मिक संस्थांच्या शाळा बंद करण्याचा कायदा त्यांच्या जागी पुरेशा सरकारी शाळा उभ्या राहण्याआधी झाला, आणि आंदालुसियातील भूमिहीन मजूर जमिनीच्या तुकड्याची वाट पाहत राहिला. शत्रू दुखावले गेले. मित्रांना मात्र काही मिळाले नाही. १९३६ च्या जुलैत सेनापतींनी बंड केले, आणि प्रजासत्ताकाच्या मुलखात सुमारे ६,८०० धर्मगुरू, संन्यासी व जोगिणी मारल्या गेल्या. ही हत्या आपल्या बाजूच्या लोकांनी केली, हे समाजवाद्यांनी आडपडद्यावाचून म्हटले पाहिजे. १ जुलै १९३७ रोजी बिशपांनी सामूहिक पत्र काढून फ्रँकोच्या युद्धाला आशीर्वाद दिला. तारागोनाचे कार्डिनल व्हिदाल इ बाराकेर यांनी सही नाकारली; ते मरेपर्यंत देशाबाहेर राहिले. बास्क प्रांतातील कॅथलिक प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, आणि बास्क धर्मगुरूंना फ्रँकोच्या सैन्याने गोळ्या घातल्या. फ्रँकोच्या ‘धर्मयुद्धात’ धर्मगुरूही मारले गेले, ही बाब विजेत्यांच्या इतिहासात नसते.

पोर्तुगालची कथा आपल्या घरापर्यंत येते. सालाझार हा धर्मशाळेत शिकलेला प्राध्यापक. ७ मे १९४० रोजी त्याने व्हॅटिकनशी करार केला, आणि त्यासोबत वसाहतींतील मिशनांविषयीचा वेगळा करारही. साम्राज्य आणि सुवार्ता यांची गाठ कागदोपत्री घट्ट झाली. गोव्यातील कॅथलिकांचे रक्षण हे त्या राजवटीचे एक समर्थन होते. पण १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा त्यांना गोव्यात आतिथ्य देणारे डॉ. जुलियांव मिनेझिस हे कॅथलिक घरातले होते. आणि पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले गेलेले त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हा हेही. १९५५ साली नानासाहेब गोरे आणि मधु लिमये गोव्याच्या कोठडीत गेले, ते कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हे, तर राजवटीविरुद्ध. खुद्द पोर्तुगालात पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरैरा गोमिश यांनी १९५८ साली गरिबांच्या स्थितीबद्दल सालाझारला पत्र लिहिले, आणि त्यांना दहा वर्षे देशाबाहेर काढावी लागली. कराराने बिशपाला संरक्षण दिले नाही. ते फक्त गप्प बसणाऱ्याला मिळत होते.

कारखान्यातील फादर

युद्धानंतर फ्रान्समध्ये काही धर्मगुरू झगा उतरवून कारखान्यांत मजूर म्हणून दाखल झाले. कामगार चर्चमध्ये येत नाही, तर चर्चने कामगाराकडे जावे, हा हेतू. ते गेले धर्मप्रसारासाठी, आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते झाले. १९५४ साली रोमने हा प्रयोग बंद केला; १९६५ साली पुन्हा परवानगी दिली. मधल्या काळात १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली होती. जे धर्मस्वातंत्र्य नवव्या पायसला प्रमाद वाटले, तेच डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने मानवाचा हक्क म्हणून मान्य केले. प्रमादातीत संस्थेलाही शंभर वर्षांत मत बदलता येते.

१९६४ साली फ्रान्समधील कॅथलिक कामगार महासंघाने आपल्या नावातून ख्रिस्ती हा शब्द काढला आणि पुढे स्वयंशासित समाजवादाचा पुरस्कार केला. १९७३ साली बझांसाँ येथील लिप या घड्याळाच्या कारखान्यातील कामगारांनी कपातीविरुद्ध कारखाना ताब्यात घेऊन स्वतः घड्याळे तयार केली आणि विकली. त्यांचे नेते शार्ल पियाजे हे कॅथलिक कामगार चळवळीत घडलेले होते. लिओच्या परिपत्रकातून निघालेला प्रवाह असा लाल झेंड्यापाशी येऊन पोहोचला. समाजवाद्यांना शह देण्यासाठी उभी केलेली संघटना त्यांची सहकारी बनायला ७० वर्षे लागली, पण बनली.

पोलंड : फाटकावरची तसबीर

१९४९ साली पोलंडच्या सरकारने क्राकूवजवळ नोवा हुता हे पोलादनगर वसविले. समाजवादी माणसाचे आदर्श शहर. त्यात सर्व काही होते, चर्च मात्र नव्हते. एप्रिल १९६० मध्ये नियोजित चर्चच्या जागेवरचा क्रूस काढायला माणसे आली, तेव्हा स्त्रियांनी त्यांना अडविले, आणि पोलादनगराच्या रस्त्यांवर दंगल उसळली. क्रूसासाठी लढणारे हे जुन्या जमीनदारांचे हस्तक नव्हते. ते पोलाद कामगार आणि त्यांच्या बायका होत्या. चर्च अखेर १९७७ साली पूर्ण झाले. त्याचे उद्घाटन करणारे कार्डिनल व्होयतिवा पुढच्याच वर्षी पोप झाले.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कचा संप झाला. २१ मागण्यांपैकी पहिली होती स्वतंत्र कामगार संघटनांची. ‘सॉलिडॅरिटी’चे सभासद वर्षभरात सुमारे एक कोटी झाले. लक्षात घ्या, धर्मपीठाने हा संप घडविला नव्हता. वृद्ध कार्डिनल विशिन्स्की यांनी २६ ऑगस्टच्या प्रवचनात संयमाचाच सल्ला दिला, आणि कामगार संपावर कायम राहिले. मग फाटकावर पोपची तसबीर का? कारण कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगाराला सभा घ्यायला दुसरे छप्पर उरलेले नव्हते. पक्ष सरकारचा, संघटना सरकारची, वृत्तपत्र सरकारचे. सरकारचे नव्हते ते एक चर्च. यात्सेक कुरोन आणि आदाम मिखनिक यांच्यासारख्या निधर्मी डाव्यांनी हे वेळीच ओळखले. मिखनिक यांनी १९७७ साली चर्च आणि डावे यांच्या संवादावर पुस्तकच लिहिले. १९१९ साली इटलीत जे साधले नाही, ते पोलंडमध्ये साधले.

मात्र पुढची प्रकरणे वाचल्याशिवाय हा ग्रंथ मिटू नये. १९८९ नंतर जे झाले, त्यात १९९० साली शाळांत धर्मशिक्षण आले. १९९३ साली गर्भपातावर कठोर बंदी आली, आणि सार्वमताची दहा लाखांहून अधिक लोकांची मागणी डावलली गेली. त्याच वर्षी व्हॅटिकनशी करार झाला. १ जानेवारी १९९० पासून बाजारपेठी धोरणांचा तडाखा सुरू झाला, आणि ज्या कारखान्यात हा इतिहास घडला, त्याचेच १९९६ साली दिवाळे निघाले. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपाताची उरलीसुरली सवलतही जवळपास काढून घेतली, तेव्हा लाखो स्त्रिया आणि तरुण रस्त्यावर आले, आणि त्यांचा रोष चर्चच्या दारापर्यंत पोहोचला. छळाच्या काळात ज्या चर्चला एक कोटी कामगारांनी छत्र मानले, त्याने राज्याचा हात धरताच एका पिढीत तरुणांचा विश्वास गमावला. हीच गोष्ट आयर्लंडमध्ये घडली : १९३७ च्या घटनेने चर्चला दिलेले विशेष स्थान १९७२ साली गेले, आणि २०१८ साली ६६ टक्के मतदारांनी गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठविली.

आपण काय घ्यावे

मित्रहो, या साऱ्यातून मला चार गोष्टी दिसतात.

पहिली : धर्मसंस्था ही एकसंध शिळा नाही. पोपचे सिंहासन, गावातील वेदी आणि वेदीपुढे गुडघे टेकणारा श्रमिक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंहासनाने करार केला म्हणून श्रमिकाला देशद्रोही वा वर्गद्रोही ठरविणे हे चूक आहे, आणि श्रमिक भला म्हणून सिंहासनाला हात जोडणे हेही.

दुसरी : लढा विशेषाधिकाराशी असावा, प्रार्थनेशी नव्हे. इटलीत घटस्फोटाचा कायदा समाजवादी प्रतिनिधी लोरिस फोर्तुना यांच्या पुढाकाराने १९७० साली झाला. तो रद्द करण्यासाठी १९७४ साली सार्वमत झाले, तेव्हा ५९ टक्के मतदारांनी तो राखला. त्या बहुसंख्य कॅथलिक देशात हे मत देणाऱ्यांपैकी असंख्य जण स्वतः चर्चला जाणारे होते. श्रद्धा न सोडताही माणूस स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या श्रद्धेची टवाळी केली तर तो राहत नाही.

तिसरी : जेथे स्वतंत्र संघटना, स्वतंत्र वृत्तपत्र आणि मोकळी सभा नाही, तेथे असंतोष देवळाच्या आश्रयाला जातो. समाजवादाच्या नावाने ज्यांनी लोकशाही मोडली, त्यांनीच धर्मसत्तेला सर्वांत मोठी देणगी दिली. लोकशाही ही समाजवादाची शोभा नसून त्याचा प्राण आहे, याचा ग्दान्स्कइतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. श्रमाच्या प्रश्नावर धर्मसत्ता बदलू शकते, हे आपण पाहिले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपने चौदावा लिओ हे नाव घेतले, ते तेराव्या लिओच्या त्या परिपत्रकाची आठवण ठेवूनच, असे त्यांनी कार्डिनलांना सांगितले. यंत्रांच्या नव्या क्रांतीत श्रमाची प्रतिष्ठा राखण्याची भाषा ते बोलतात. तिचे आपण स्वागत करू. परंतु स्त्रीच्या शरीरावरील तिच्या स्वतःच्या अधिकाराच्या प्रश्नावर ती संस्था हललेली नाही. पोलंडमध्ये कामगारांच्या एकजुटीची किंमत अखेर स्त्रियांकडून वसूल केली गेली. ज्या युतीची किंमत युतीच्या टेबलाशी न बसलेल्या कोणाला तरी मोजावी लागते, ती युती आपण करू नये.

आपल्या देशात पोप नाही, एक चर्च नाही. येथे धर्मसत्तेचे काम जात करते, आणि तिला व्हॅटिकनची गरज भासत नाही. म्हणून युरोपातील उत्तरे उचलून येथे बसविता येणार नाहीत. प्रश्न मात्र तेच आहेत : राज्य कोणाच्या वेदीला तेल घालते? त्या तेलाचे पैसे कोण देतो? आणि दिव्याच्या उजेडात कोणाचा चेहरा दिसेनासा होतो? हे तीन प्रश्न विचारीत राहणारा कार्यकर्ता श्रद्धाळू असो वा नास्तिक, तो आपला सहप्रवासी आहे. मात्तेओत्ती आणि फादर मिन्झोनी जिवंतपणी एका व्यासपीठावर आले नाहीत. पुढच्या पिढ्यांतील अशा माणसांना तरी ते यावे लागेल, आणि लाठी पडण्याच्या आधी यावे लागेल.